तीनला सोडायचं

बालवर्गाच्या बाई म्हटलं की लोकांना वाटतं, गोड गोड बोलणारी, गालगुच्चे घेणारी, सारखी टाळ्या वाजवणारी कुणीतरी असणार. या बाई तशा मुळीच नव्हत्या. आवाज खणखणीत, चाल झपझप, आणि कुणी उगाच भोकाड पसरलं तर "झालं रडून? की अजून थोडं राहिलंय? राहिलं असेल तर आटपून घे, मी थांबते," असं म्हणून खरोखरच कमरेवर हात ठेवून थांबणाऱ्या. पोरं बिचारी गोंधळून जायची. समोर कुणी असं वाट बघत उभं राहिलं, की रडण्यातली सगळी मजाच जाते हो.

त्यांचं नाव काय, हे गल्लीत कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. किराणावाला बाई म्हणायचा, दवाखान्यातले डॉक्टर बाई म्हणायचे, कारण दोघेही लहानपणी त्यांच्याच चटईवर झोपून उठलेले. डॉक्टर तेव्हा झोपेत अंगठा चोखायचे, हे दवाखान्यात भरल्या बाकांसमोर सांगायला बाई कमी करत नसत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली होती. घरात त्या, एक रेडिओ आणि खिडकीतल्या चार कुंड्या. बाकीचा सगळा संसार शाळेत.

शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीपुढे अंगण. अंगणाच्या भिंतीत एक लहानसं फाटक, आणि फाटकापलीकडे मोठी शाळा. दोन मजली, लांबच लांब जिने, आणि ऐकून छातीत धस्स व्हावं अशी घंटा. वर्षभर बालवर्गातली पोरं त्या फाटकाच्या गजांत नाकं खुपसून पलीकडे बघत उभी असायची. तिकडे जायचंय म्हणून उड्याही मारायची आणि तिकडे जावं लागणार म्हणून रात्री अंथरूणही ओलं करायची. दोन्ही खरं.

म्हणून शेवटच्या सहामाहीत बाईंचं खरं काम सुरू व्हायचं. आयांना वाटायचं, पहिलीची तयारी म्हणजे अक्षरं आणि आकडे. बाई त्यांना उडवूनच लावायच्या. "अक्षरं काय, पहिलीच्या बाई शिकवतील की, त्यासाठीच बसल्यात तिथे. पण डब्याचं झाकण कोण उघडून देणार?" आणि या आया डबे लावतात तरी कसे! पहिलवानानं हात टेकावेत असे. मग बाईंचा झाकणाचा तास असायचा. लेस बांधायचा तास असायचा. मोठ्या शाळेतून मागून आणलेले दोन जुने बाक कोपऱ्यात मांडले होते, त्यावर पाय लोंबकळत ठेवून न पडता बसायचा तास असायचा. घंटेची सवय व्हावी म्हणून मदतनीस मावशी मधूनच मागून येऊन ताटावर डाव आपटायची. पहिल्या दिवशी चार जण रडायचे, आठवड्यानं कुणी मान वर करून बघायचं नाही.

सगळ्यात धमाल असायची ती मोठ्यानं बोलायच्या तासाला. मावशी बाईंचा चष्मा नाकावर चढवून पहिलीच्या बाई व्हायची. पोरानं बोट वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "बाई, शू लागली." मावशी कानावर हात ठेवून म्हणायची, "काय? गाय पळाली?" पोरं हसून लोळायची, आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटायचा. मावशीला हे सोंग एवढं आवडायचं, की तास संपला तरी ती चष्मा परत द्यायची नाही.

आणि अवघड असायचा तो थांबायचा तास. प्रत्येकाच्या तळहातावर एकेक मणी ठेवायचा आणि बाई आपलं नाव घेतील तोवर गप्प बसायचं. "मोठ्या शाळेत तुम्ही खूप जण असणार," बाई सांगायच्या. "बाईंचं लक्ष तुमच्याकडे लगेच जाणार नाही. लक्ष गेलं नाही म्हणजे आवडत नाही, असं नसतं. नंबर यायचा असतो." हे सांगताना त्यांचा खणखणीत आवाज जरा खाली यायचा. पोरांना ते कळत नसे.

या सगळ्याचा शेवट म्हणजे दोरी. शाळेच्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, मोठी झालेली पोरं एकदाच शेवटचं बालवर्गात यायची. बाईंनी जुन्या चादरींची पिळून केलेली एक जाड दोरी होती, तिला रंगीबेरंगी कापडाच्या कड्या शिवलेल्या. प्रत्येकानं एक कडी धरायची, आणि ही आगगाडी अंगणातून, फाटकातून, मोठ्या शाळेच्या पायऱ्यांपर्यंत जायची. तिथे एकेकानं कडी सोडायची आणि वर चढायचं. बाईंचा नियम एकच होता, आणि तो मोडायची हिंमत मुख्याध्यापकांचीही नव्हती. कुणाच्याही हातातून कडी सोडवायची नाही. ज्याची त्यानं सोडायची. सोडवत नसेल, तर एक, दोन, तीन म्हणायचं आणि तीनला सोडायचं.

आता पोरं ती पोरं. एका वर्षी एक महाशय एक, दोन म्हणून पुढे दोनच म्हणत राहिले. दोन, दोन, दोन. त्याला तीन येत नव्हतं असं नाही, शंभरापर्यंत घडाघडा म्हणायचा. पण तीन म्हटलं की सोडावं लागणार, हे त्याला बरोब्बर कळलं होतं. पलीकडे घंटा झाली, प्रार्थना झाली, हजेरी झाली, आणि बाई आपल्या दोरी धरून उभ्या. शेवटी तो दमला आणि तीन म्हणाला. ही हकीकत बाई दरवर्षी सांगायच्या. बाईंची लेक लहानपणी जेवताना हट्टानं तीच ऐकायची आणि घास पुढे गेला नाही की म्हणायची, "आई, मी दोनवर आहे."

ती लेकही याच दोरीला धरून गेली होती. शाळेत 'बाई' म्हणायचं आणि घरी 'आई' म्हणायचं, हे तिला इतकं पढवलेलं की कधी कधी घरीही ती बोट वर करून "बाई, पाणी पिऊ?" म्हणायची. तिच्या दोरीच्या दिवशी बाईंना एकच धास्ती होती. आपलीच पोर सगळ्यांसमोर रडली तर? पोरगी रडली तर नाहीच. एकदोनतीन एका दमात म्हणून टाकलं आणि पायऱ्यांवरून पळाली सुद्धा. बाई सगळ्यांना कौतुकानं सांगायच्या, "माझी पोर कशी, एका दमात!" सांगून झालं की काहीतरी आवरायला उठायच्या.

तर, ही गोष्ट आहे बाईंच्या नोकरीतल्या शेवटून दुसऱ्या वर्षाची, आणि शेपटीची.

शेपटी म्हणजे बेकरीवाल्याची मुलगी. हे नाव मावशीनं ठेवलं. बाईंच्या अंगावर दोन मोठाल्या खिशांचा अॅप्रन असायचा, त्याचे बंद मागे बांधलेले. ही पोरगी त्यातला एक बंद मुठीत धरून दिवसभर बाईंच्या मागे. बाई फळ्याकडे गेल्या की ही फळ्याकडे, बाई नळाकडे गेल्या की ही नळाकडे. बाई झटकन वळल्या की बंद सुटायचा आणि अॅप्रन पुढे लोंबायचा. "अगं, एखाद दिवशी मला पाडशील!" बाई ओरडायच्या. ओरडायच्या आणि परत बांधताना तोच बंद जरा लांब ठेवायच्या, हे मावशीनं पाहिलं होतं.

त्याचं असं होतं. बाप पहाटे भट्टीवर जायचा, आई दवाखान्यात नर्स, तिची रात्रपाळी उशिरा सुटायची. त्यामुळे बाप पावाची गाडी घेऊन निघाला की जाता जाता पोरीला शाळेत सोडायचा. सगळ्यांच्या आधी. बाईही घरी कुणासाठी थांबायचं नसल्यानं लवकरच यायच्या. सकाळचा तो वेळ मग दोघींचाच. पडवीतल्या पायरीवर बाई बसायच्या, शेपटी बूट पुढे करायची, आणि बाई तिची लेस बांधून द्यायच्या. सगळ्या वर्गाला लेस शिकवणाऱ्या बाई हिची लेस रोज स्वतः बांधायच्या, आणि हे आपण करतो आहोत असं त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. बांधता बांधता नातवाबद्दल बोलायच्या. तो कसा दिसतो, काय खातो, परवा फोनवर काय म्हणाला. शेपटी ऐकायची.

नातू म्हणजे लेकीचा मुलगा. शेपटीच्याच वयाचा. तोही यंदा तिकडच्या बालवर्गातून पहिलीत जाणार होता. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं त्या पायऱ्या चढवली, आणि आपल्याच रक्ताच्या पोराला कोण कुठली बाई काय शिकवतेय देव जाणे, हा विचार बाईंना वर्षभर टोचत होता. त्याला त्यांनी मांडीवर घेतलं होतं ते तान्हा असताना, एकदाच. त्याच्या पहिल्या दिवसाला आपण जायचंच, असं बाईंनी मनाशी ठरवून टाकलं. माळ्यावरची बॅगही काढली, पुसून पलंगाखाली ठेवली. आणि एका रविवारी, लेकीचा फोन आला तेव्हा सहज म्हटल्यासारखं म्हणाल्या, "मी येते ना त्याच्या शाळेच्या वेळेला. तयारी करून देईन."

"अगं आई, तू एवढ्या लांब येऊन काय करणार?" लेक म्हणाली. वाईट बोलली नाही, प्रेमानंच बोलली. "त्याची सगळी तयारी झालीय. आणि इथे फक्त आई-बाबांनाच आत सोडतात. तू सुट्टीत ये ना निवांत."

"बरं बरं," बाई म्हणाल्या. "त्याला दे जरा."

फोनच्या पडद्यावर नातवाचं अर्धं कपाळ आणि एक डोळा आला. बाईंनी विचारलं, "काय रे, लेस बांधता येते का तुला?"

"माझ्या बुटांना लेस नाहीच आजी. चिकटपट्टी आहे. खर्रकन!" तो म्हणाला, आवाज करून दाखवला, आणि पळाला.

घ्या! आयुष्यभराची विद्या एका 'खर्रकन'मध्ये गेली. बाई फोन ठेवून कितीतरी वेळ हसल्या, आणि मग हसू कुठे संपलं ते त्यांनाही कळलं नाही. बॅग पुन्हा माळ्यावर टाकायला त्यांच्याच्यानं झालं नाही. ती पलंगाखालीच राहिली.

त्याच आठवड्यात मोठ्या शाळेतल्या पहिलीच्या बाई पोरं बघायला आल्या. नवी, तरुण मुलगी होती, स्वभावानं चांगली. पोरं तिच्यासमोर झाकणं उघडत होती, लेस बांधत होती, "शू लागली" तर इतक्या जोरात ओरडली की ती दचकलीच. शेपटीची पाळी आली. शेपटी बाईंच्या मागे. नाव विचारलं, उत्तर नाही. लेस सोडून ठेवली होती, ती बांधायला सांगितली, तर पाय बाईंपुढे केला. डबा दिला, तर डबाही बाईंच्या हातात दिला.

"हिला अजून एक वर्ष राहू द्या ना तुमच्याकडे," पहिलीच्या बाई हळूच म्हणाल्या. "वयानंही लहानच दिसते. घाई कशाला?"

आणि खरं सांगायचं तर बाईंना आनंद झाला. असा लख्ख आनंद, की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आजवर एखादं मूल मागे राहिलं की त्या आठवडाभर धुमसत असायच्या, माझंच काहीतरी चुकलं म्हणून. आणि आज मात्र मनात एकच, अजून एक वर्ष. सकाळची पायरी अजून एक वर्ष.

"बघते," त्या म्हणाल्या. "हिच्या आईशी बोलते."

आईला निरोप गेला. तिची पाळी सांभाळून शुक्रवारी यायचं ठरलं. बाई मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागल्या. पोर कोवळी आहे. अजून बोलत नाही. एका वर्षानं काही बिघडत नाही. सगळी वाक्यं खरी होती. मावशी झाडता झाडता एकदाच म्हणाली, "ठेवणार वाटतं शेपटीला?"

"तिच्या भल्यासाठी," बाई म्हणाल्या.

"असं होय," मावशी म्हणाली, आणि नेहमीपेक्षा जोरात झाडू मारायला लागली.

शुक्रवारी सकाळी, नेमकी बाईंची बस चुकली. पोर पायरीवर एकटी बसली असेल, या विचारानं त्या जवळजवळ धावतच आल्या. अंगणाच्या दारातून आत बघतात, तर पायरीवर शेपटी, आणि तिच्यासमोर मावशीची धाकटी नात. तिला कुणाकडे ठेवायची सोय नसली की मावशी घेऊन यायची. शेपटी त्या चिमुरडीच्या बुटाची लेस बांधत होती. एक कान केला, दुसरा कान केला, वळसा, आतून ओढ. बोटं अशी चालत होती की बाईंचीही चालू नयेत. वर तोंडानं बाईंच्याच आवाजात, "आता तू करून बघ. माझ्या तोंडाकडे नको बघू, बुटाकडे बघ." चिमुरडीला जमेना तेव्हा ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आटपून घे, मी थांबते."

बाई दारातच थबकल्या. तेवढ्यात शेपटीचं लक्ष गेलं. तिनं पटकन खाली वाकून, आपल्या बुटाची नीट बांधलेली लेस ओढून सोडली, आणि पाय पुढे करून बसली.

बाई येऊन तिच्याशेजारी टेकल्या. पण लेसला हात लावला नाही.

"तुला बांधता येते की गं."

शेपटीनं मान हलवली. येते.

"मग रोज सोडतेस कशाला?"

शेपटीनं थोडा विचार केला. मग मोठ्या माणसानं लहानाला समजावून सांगावं तसं म्हणाली, "लेस सुटली नाही, तर तुम्ही त्याच्याबद्दल कधी सांगणार? तुम्हाला सांगायचं असतं ना."

इतके दिवस बाईंना वाटत होतं, पोरीचा आपल्यावर जीव अडकलाय, आपल्याशिवाय तिचं पान हलत नाही. आणि ही एवढीशी पोर रोज सकाळी बूट पुढे करून म्हातारीला बोलतं करत होती. पहिलीच्या बाईंसमोरही तिनं तेच केलं होतं. आपण लेस बांधली तर बाईंचं काय, एवढाच तिचा हिशेब.

"बांधू?" शेपटीनं विचारलं.

"बांध," बाई म्हणाल्या. "मी बघते."

आणि पोरीनं लेस बांधली. बाईंनी अॅप्रनच्या खिशातला रुमाल काढला आणि नाक जोरात शिंकरलं. मावशी आतून म्हणाली, "सर्दी झाली वाटतं?" बाई म्हणाल्या, "तू तुझं काम कर."

संध्याकाळी पोरीची आई आली. कामावर जायच्या कपड्यांतच होती, डोळे झोपेनं जड. खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणाल तसं. आम्हाला यातलं काय कळतं? ठेवा म्हणालात तर ठेवू."

एवढं सोपं होतं बघा. एक शब्द पुरला असता. जुळवून ठेवलेली वाक्यं जिभेवर तयार होती, आणि बाईंना ती पोर हवी होती, अगदी पोटातून हवी होती, हे काही शुक्रवारच्या सकाळनं कमी झालं नव्हतं. उलट वाढलंच होतं. त्या उठल्या, खिडकी बंद केली, पुन्हा उघडली.

"पाठवा," त्या म्हणाल्या. "पोर तयार आहे. तुमच्या पोरीला काही धाड भरलेली नाही. मीच तिला धरून ठेवलंय."

आईला ते नीट कळलं नाही. ती हसली, "तुमचा लळाच तसा आहे," म्हणाली, आणि ड्यूटीला पळाली. पहिलीच्या बाईंना बाईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं आणि स्वतः फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं आतून शेपटीचा आवाज आला. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं खणखणीत. अगदी बाईंसारखं.

त्यानंतर बाईंनी सकाळी लेस बांधली नाही. पायरीवर दोघी शेजारी बसायच्या, आणि लेस बांधलेलीच असूनही बाई नातवाबद्दल सांगायच्या. "तुला ऐकायचं असेल तर हं," त्या म्हणायच्या. शेपटी म्हणायची, "सांगा की." अॅप्रनचा बंद मात्र बाईंनी आता आखूड बांधायला सुरुवात केली.

सुट्टी संपली आणि दोरीचा दिवस आला. नवे बूट, नवी दप्तरं, केस चापून बसवलेले. मावशीनं ताटावर डाव वाजवला आणि आगगाडी निघाली. शेपटी सगळ्यांच्या मागे, शेवटच्या कडीला, आणि तिचा दुसरा हात बाईंच्या हातात. पायऱ्यांशी पहिलीच्या बाई उभ्या होत्या. एकेक जण आला, कडी सोडून वर गेला. एकानं दोनदा मोजलं. दोघी एकदम सोडून हातात हात घालून गेल्या. एक जण रडला, बाई थांबल्या, तो आटपला आणि गेला. दोरी हलकी होत होत जमिनीला टेकायला लागली.

शेवटी शेपटी. तिनं कडी सोडली. न मोजताच सोडली. एक पायरी चढली आणि थांबली.

"काय झालं? मोज ना," बाई म्हणाल्या. "एक, दोन, तीन. घाबरायचं नाही."

शेपटी वळली. आपल्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. मग बाईंकडे बघितलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं, "तुम्ही धरलंय."

बाईंनी खाली बघितलं. पोरीची बोटं कधीच सैल झाली होती. घट्ट मूठ होती ती त्यांचीच.

"अवघड वाटतंय का?" शेपटीनं विचारलं. "मी मोजते हवं तर. तीनला सोडायचं हं."

नियम नियम असतो. कुणी कुणाचा हात सोडवायचा नाही, ज्याचा त्यानं सोडायचा. शेपटी उभी राहिली, अजिबात घाई न करता, आणि मोजलं. एक. दोन. तीन. बाईंनी सोडलं. पोरगी पायऱ्या चढून गेली. दारातून एकदा वळून तिनं बुटाकडे बोट दाखवलं, लेस बघा, घट्ट आहे, आणि आत गेली.

मावशी फाटकाशी उभी होती. चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, पण बाईंचा चेहरा बघून तिनं नुसती दोरी हातात घेतली आणि गुंडाळायला लागली.

तिकडची शाळा त्यानंतर आठवड्यानं उघडली. बाईंनी तारीख लक्षात ठेवली होती, पण फोन केला नाही. सोड म्हटलंय तर सोडावं, असं स्वतःला बजावत कुंड्यांना पाणी घालत होत्या. रविवार नव्हता, तरी फोन वाजला. लेकच होती. पडद्यावर गाडीचं स्टिअरिंग आणि लेकीची हनुवटी.

"गेला?" बाईंनी विचारलं.

"गेला." मग एकदम तिचा आवाज फुटला. "आई, त्यानं मागे बघितलंसुद्धा नाही गं. हात सोडवून गेला. सगळे गेले, मी अजून इथेच आहे, गाडीत. मला निघताच येईना झालंय."

कित्येक वर्षांत बाईंनी लेकीला रडताना ऐकलं नव्हतं. ही एका दमात पळणारी पोर. फोनच्या तारा असत्या तर त्या धरून बाई तिकडे पोहोचल्या असत्या.

"रडून घे," त्या म्हणाल्या. "आटपून घे सावकाश. मी थांबते."

लेक रडली. बाई थांबल्या. पाण्याचा तांब्या तसाच हातात होता. शेवटी लेकीनं नाक पुसलं आणि विचारलं, "आई, तुला कसं जमलं गं? मी गेले तेव्हा? शाळेत गेले तेव्हा, मग इकडे आले तेव्हा. कशी सोडलीस तू मला?"

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. पलंगाखाली बॅग तशीच होती.

"कुठली सोडतेय," त्या म्हणाल्या. "मी अजून दोनवरच आहे."

मग लेक म्हणाली, "आई, तू सुट्टीची वाट नको बघू. तू आत्ता ये."